चौथा साचा

आमच्या गल्लीत माझ्या वडिलांना नावाने कोणी ओळखत नाही. ते कवळीकाका. दातांचे डॉक्टर नव्हेत, डॉक्टरांच्या मागचा माणूस. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, ते माप ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यातून बाबांकडे येतं. बाबा त्यात प्लॅस्टर ओततात, त्यावर मेण चढवतात, मेणात एकेक दात रोवतात, आणि आठवड्याभराने त्याच डब्यातून गुलाबी हिरड्यांची चकचकीत कवळी परत जाते. ज्याच्यासाठी ती केली त्या माणसाचं तोंड बाबांनी कधी पाहिलेलं नसतं. त्यांनी पाहिलेलं असतं पांढरं प्लॅस्टर. प्लॅस्टर लाल होत नाही आणि त्यातून रक्त येत नाही. एवढी साधी गोष्ट आमच्या घरात फार उशिरा कोणाच्या तरी लक्षात आली.

"दात कोरून पोट भरत नाही म्हणतात," आई म्हणायची. "आमचं भरतं."

बाबांची कामाची खोली बस डेपोच्या मागच्या भिंतीला लागून आहे. एक लांब टेबल, त्यावर पॉलिशची मोटर, पाणी उकळायचं भांडं, मेणाच्या पट्ट्या, कार्डांवर ओळीने चिकटवलेले दात, आणि सगळ्यावर पिठासारखी भुकटी. शाळेतून आले की मी आधी तिथे जायची. बाबांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असायच्या. भिंतीपलीकडे डेपोचा लाउडस्पीकर होता, आणि त्यातून माझी आई बोलायची.

आई डेपोत चौकशीच्या खिडकीत नोकरीला होती. गाड्या पुकारणं हे तिचं काम. बाबांनी तिला पाहिलं त्याच्या आधी सहा महिने नुसतं ऐकलं. "सात वाजून सतरा मिनिटांची गाडी सहा नंबरवरून सुटेल." या एका वाक्यात किती 'स' आहेत ते मोज, बाबा मला सांगायचे. एकही फुसका नाही, एकही शिट्टी मारणारा नाही. असा 'स' यायला पुढचे दात कसे असावे लागतात हे त्यांना धंद्यामुळे ठाऊक होतं. भिंतीच्या अलीकडे बसून ते त्या दातांचा अंदाज बांधत राहिले आणि शेवटी एक दिवस खात्री करायला खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

"तीन दिवस रोज येऊन विचारायचे, सातची गाडी कुठून सुटते," आई सांगायची. "चौथ्या दिवशी मी म्हटलं, अहो, तुम्हाला जायचंय तरी कुठे? तर म्हणतात कसे, जायचं कुठेच नाही, तुमचे दात बघायचेत. मी खिडकीच लावून घेतली."

"पण लावता लावता हसलीस," बाबा म्हणायचे. "तेवढ्यात माझे बघून झाले."

लग्नानंतर महिन्याभरात त्यांनी तिच्या तोंडाचं माप घेतलं. खुर्चीत बसवून, गळ्याशी टॉवेल बांधून, वर आणि खाली. साचा सुकला तेव्हा तो तळहातावर धरून ते म्हणाले, "गावातल्या सगळ्यांच्या कवळ्या करीन. तुझी करायची वेळ येऊ देणार नाही."

"बरोबरच आहे," आई म्हणाली. "कवळीवाल्याच्या बायकोला कवळी! लोक दात काढतील."

ही दोघांची थट्टा होती आणि शपथही. माझ्या लहानपणी ती इतक्यांदा ऐकली की मला ती घरातल्या खुर्चीटेबलासारखी वाटायची, कायमची.

आईचा आवाज आला की बाबा मोटर बंद करत. हातातली कवळी तशीच वर धरून, मान किंचित तिरकी करून थांबत. गाडी पुकारून झाली की पुन्हा मोटर सुरू. "दिवसाला चाळीस गाड्या," आई चिडवायची. "चाळीस वेळा मोटर बंद. डॉक्टर ओरडतात तुमच्यावर ते उगाच नाही."

माप घ्यायची पावडर गुलाबी असते. पाण्यात कालवली की दोनेक मिनिटांत रबरासारखी घट्ट होते. कंपनी बदलली की घट्ट होण्याची वेळ बदलते, म्हणून नवी पावडर आली की बाबा ती आधी आईच्या तोंडात करून बघत. "बसा राणीसाहेब," ते म्हणायचे. आई कुरकुरत बसायची. मापाचा ट्रे तोंडात असताना तिला बोलता यायचं नाही, तेवढ्या वेळात बाबा तिला मुद्दाम नाही नाही ते प्रश्न विचारायचे. मग साचा ओतून, मागे पेन्सिलीने तारीख लिहून, वरच्या फळीवर ठेवून द्यायचे. कधी दीड वर्षाने एखादा, कधी तीन-साडेतीन वर्षांनी. फळीवर आईचं हसू असं ओळीने वाढत गेलं.

मी नऊ वर्षांची होते. एका सकाळी आई दात घासत होती आणि मी तिच्या शेजारी वेणीसाठी उभी होते. तिने बेसिनमध्ये चूळ टाकली. फेस गुलाबी होता.

"आई, रक्त."

"काही नाही गं. ब्रश लागला." तिने नळ सोडला. "बाबांना सांगू नकोस. नाहीतर आणखी एक साचा काढतील."

मी हसले आणि सांगितलं नाही. पुढेही बरेचदा तो गुलाबी फेस पाहिला. पाहायची सवय झाली की रक्तसुद्धा रोजच्या वस्तूंतली एक वस्तू होतं. आज मला मुलगी आहे, तिला साधं खरचटलं तरी माझा जीव खालीवर होतो. तेव्हा मात्र नळाच्या पाण्याबरोबर ते वाहून गेलं की माझ्या लेखी संपत होतं.

आईने तिच्या परीने उपाय केले. मऊ ब्रश आणला. मिठाच्या गुळण्या केल्या. जिथून रक्त यायचं तिथे ब्रश फिरवायचंच सोडून दिलं, म्हणजे खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला. जखमेला हात लावू नये, इतका सरळ विचार. तरी ती एकदा, त्याच वर्षी, डेपोतून परस्पर बाबांना मापं पाठवणाऱ्या जुन्या डॉक्टरांकडे गेली. ते म्हणाले, दात साफ करून घ्या, दोन वेळा यावं लागेल. तिने शनिवारची वेळ घेतली आणि घरी येऊन बाबांना सांगितलं.

बाबा दचकले. "साफ करायचे? म्हणजे खरवडणार?"

"थर साचलाय म्हणाले."

"असू दे ना साचला. अगं, माझ्याकडे मापं येतात त्यातल्या निम्म्या लोकांनी आधी दात खरवडून घेतलेले असतात. डॉक्टरच चिठ्ठीवर लिहितात. खरवडले, हलले, पडले. तो थर म्हणजे भिंतीचा गिलावा. गिलावा काढलास की विटा हलतात."

"ते डॉक्टर आहेत, अहो."

"आणि मी वीस वर्षं बघतोय."

दातांतला एवढा जाणता माणूस घरात असताना आई आणखी कोणाचं कशाला ऐकेल? शनिवारी ती गेली नाही. त्याच आठवड्यात नवीन पावडर आली आणि बाबांनी माप घेतलं. चौथा साचा. तो सुकल्यावर उजेडात धरून त्यांनी आईला हाक मारली. "हे बघ. आणि म्हणे थर. हिरडी बघ कशी भरलीय. पहिल्यापेक्षा गुबगुबीत आहे."

मी तिथेच स्टुलावर पाय हलवत बसले होते. खालच्या दातांच्या मागे प्लॅस्टरचा एक ओबडधोबड उंचवटा आला होता. बाबांना कामात गचाळपणा खपत नाही. त्यांनी लहान चाकू घेतला, तो उंचवटा तासून काढला, फुंकर मारली आणि साचा फळीवर ठेवला.

पुढची बारा वर्षं काहीच घडलं नाही. म्हणजे दुखलं नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं, दाढ दुखली की माणूस मध्यरात्रीसुद्धा डॉक्टरचं दार वाजवतो. हिरडी बिचारी गुपचूप माघार घेत जाते. आई सफरचंद आधी चावून खायची, मग फोडी करून खायला लागली, मग किसून. मी कॉलेजात गेले तेव्हा तिच्या पर्समध्ये लवंगा असायच्या, आणि जवळ येऊन बोलताना ती तोंड थोडं बाजूला करायची. मला वाटायचं, बाईमाणूस वयाने गंभीर होतं. तिच्या समोरच्या दातांत एक फट पडली होती. बाबांना ती आवडायची. "आता जास्तच छान दिसतेस," म्हणायचे.

दिव्याखाली अंधार म्हणतात. आमच्याकडे तर दिवा विकायचा धंदा होता.

मग जुन्या डॉक्टरांनी दवाखाना सोडला आणि तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. एका पेशंटची कवळी बसत नव्हती म्हणून त्या स्वतःच बाबांच्या खोलीवर आल्या. मी सुट्टीला घरी आले होते, चहा घेऊन तिथे गेले. त्या फळीकडे बघत उभ्या होत्या.

"काका, हे सगळे साचे एकाच पेशंटचे?"

"हो, बावीस वर्षांतले," बाबा म्हणाले. आवाजात थोडा अभिमान होता.

"बावीस वर्षांचे? एकाच तोंडाचे? असं मला कॉलेजातसुद्धा बघायला मिळालं नाही. खाली काढू?"

त्यांनी अकराच्या अकरा साचे टेबलावर ओळीने मांडले आणि दुर्मीळ पुस्तक सापडल्यासारख्या खूश होऊन मला दाखवायला लागल्या. "हा पहिला बघ. हिरडीची कड कशी धारदार आहे, दोन दातांमध्ये टोकदार त्रिकोण. ही निरोगी हिरडी. दुसरा, तिसरा, ठीकच. आता हा चौथा. त्रिकोण बोथट झाले, कड फुगली. ही सूज आहे. ब्रश करताना रक्त येत असणार यांना. इथे जर कोणी थर काढून दिला असता आणि हिरडीच्या कडेने नीट ब्रश फिरवायला शिकवलं असतं ना, तर दोनतीन आठवड्यांत हिरडी पुन्हा पहिल्यासारखी झाली असती. इथपर्यंत सगळं भरून येतं."

बाबांच्या हातात चहाचा कप होता. तो त्यांनी तोंडाला लावला नाही.

"पाचव्यापासून सूज कमी दिसते, पण ती बरी होऊन नाही. हिरडी दात सोडून खाली सरकलीय. आतलं हाड विरघळायला लागलं. ते एकदा गेलं की परत येत नाही. दात लांब झालेले दिसतात ना? दात वाढत नाहीत, उघडे पडतात. आठव्यात फट पडली, कारण दात जागा सोडायला लागला. आणि हा अकरावा..." त्या थांबल्या. मग त्यांनी चौथा पुन्हा उचलला आणि खिडकीकडे धरला. "खालच्या दातांच्या मागे कोणी चाकू चालवलाय?"

"मी," बाबा म्हणाले. "प्लॅस्टरचा फुगा आला होता."

"फुगा नव्हता काका. किटण होतं ते. दातांवरचा दगडासारखा थर. तुमचं माप अगदी खरं आलं होतं."

बाईंनी साचा खाली ठेवला. "या बाईंना कोणी सांगितलं नाही का हो इतक्या वर्षांत?"

भिंतीपलीकडून आवाज आला. "चार वाजून सोळा मिनिटांची गाडी सात नंबरवरून सुटेल." बाबांचा हात सवयीने मोटरच्या बटणाकडे गेला. मोटर बंदच होती.

"याच त्या," ते भिंतीकडे बोट करून म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी आम्ही आईला घेऊन गेलो. बाईंनी एक बारीक सळई तिच्या हिरडीच्या कडेला हलकेच सरकवली. ती आत जातच राहिली. एक्स-रे काढला, त्यात दातांभोवतीचं हाड पाण्याने खचलेल्या काठासारखं दिसत होतं. मग त्यांनी विचारलं, "तहान फार लागते का? रात्री उठावं लागतं?" आणि रक्त तपासायला पाठवलं. साखर तीनशेच्या वर निघाली. साखर वाढलेली असली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडलेल्या असल्या की साखर आवरत नाही, दोघी एकमेकींच्या हातात हात घालून चालतात, असं बाईंनी समजावून सांगितलं.

बाबांनी एकच प्रश्न विचारला. "खरवडल्यावर दात हलतील?"

"हलतायतच ते. थराच्या आधाराने उभे असल्यासारखे वाटतात, एवढंच. तुम्ही त्याला गिलावा म्हणता काका, ते वारूळ आहे. आतून वाळवी."

आईने बाबांकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "चला, एकदाचे साफ तर होतील."

चार बैठकांत हिरडीच्या आतून सगळा थर काढला. दोन ठिकाणी हिरडी उघडून टाके घालावे लागले. आई गोळ्या घ्यायची, साखर मोजायची, दातांच्या फटींतून धागा आणि छोटा ब्रश फिरवायची, एखाद्या विद्यार्थिनीसारखी. दाढा वाचल्या, आणि त्या शेवटपर्यंत टिकल्या. दोन वर्षं पुढचेही दात तगले. आम्हाला वाटायला लागलं की जमलं. मग वरचा एक, त्याच्या शेजारचा, असं करत वरचे चार आणि खालचे चार गेले. पुढच्यांतला शेवटचा दात पाव चावताना निघाला, तो तळहातावर घेऊन ती बाबांना दाखवायला गेली. ते कामात होते. त्यांनी मोटर बंद केली, आणि त्या दिवशी ती पुन्हा सुरू केली नाही.

आईची कवळी त्यांनी केली. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. इतरांना आठवडा लागायचा, हिला महिना लागला. पहिला साचा समोर ठेवून त्यांनी कार्डावरचे दात त्याबरहुकूम घासले. आईचा वरचा एक दात जरासा आत वळलेला होता, तोही तसाच वळवला. बसवून आरसा दिला तेव्हा ती पंचविशीतल्यासारखी दिसली. ती बराच वेळ आरशात बघत राहिली.

"बोल की काहीतरी," बाबा म्हणाले.

"सात वाजून सतरा," आई म्हणाली, आणि दोन्ही 'स'मधून बारीक शिट्टी आली.

हाड विरघळून जिथे खड्डा पडला होता तिथे कवळीच्या हिरडीचा गुलाबी मसाला जाड भरावा लागला होता. जिभेला तिची जुनी जागा सापडत नव्हती. पुढचे पंधरा दिवस आई स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून म्हणत राहायची, "सात, सतरा, सहा. सात, सतरा, सहा." बाबा बाहेरच्या खोलीत बसून ऐकायचे. मग उठून यायचे, हात पुढे करायचे, ती कवळी काढून त्यांच्या हातावर ठेवायची, ते खोलीवर जाऊन किंचित घासून आणायचे. पुन्हा, "सात, सतरा, सहा." असं नऊ वेळा. नवव्या वेळी ती म्हणाली, "आता बरं आहे हो." बरं नव्हतं. ते त्यांनाही कळलं आणि तिलाही.

ती कामावर गेली. पहिल्याच दिवशी एका कंडक्टरने खिडकीत डोकं घातलं. चांगला माणूस होता, तिला बहीण मानायचा. "ताई, शिट्टी मारायचं काम आमचं. तुम्ही मारलीत तर गाड्या सुटतील ना!" सगळा डेपो हसला. आईही हसली, तोंडावर हात ठेवून. हा हात नंतर कायमच तिथे राहिला.

तिने बदलीचा अर्ज दिला. पासाच्या खोलीत, जिथे दिवसभर शिक्के मारायचे असतात आणि कोणाशी बोलावं लागत नाही. बाबांना सांगितलं नाही. सोमवारी सकाळी सातला बाबा टेबलाशी होते. भिंतीपलीकडून एका कोवळ्या मुलीचा आवाज आला, "सात वाजून सतरा मिनिटांची गाडी..." बाबांनी मोटर बंद केलेली होती. ते कवळी वर धरून उभे राहिले, गाडी सुटून गेली तरी उभेच राहिले. हे मला शेजारच्या घड्याळवाल्याने सांगितलं. बाबांनी कधी सांगितलं नाही.

आई त्यांना एका शब्दाने बोलली नाही. "वयच झालं होतं माझं," म्हणायची. आपलेच दात, आपलेच ओठ. ती एकदा कडाडून भांडली असती तर ते रडू तरी शकले असते. ते तिच्या औषधाच्या वेळा पाळायचे, सफरचंद किसून द्यायचे, साखर वहीत लिहायचे. पण गप्पा संपल्या होत्या. जिचं निम्मं आयुष्य बोलण्यात गेलं होतं ती बाई मान हलवून उत्तर द्यायला लागली. मी लग्न होऊन दुसरीकडे राहायला गेले. फोन केला की ती म्हणायची, "बाबांना देते." मला राग यायचा. एका वाक्यात किती 'स' येतात हे मोजत ती फोनवर बोलायची, हे कळायला मला ती जावी लागली.

सहा वर्षांपूर्वी ती गेली. हृदयाचा झटका, तीन दिवस हॉस्पिटलमध्ये. सगळं संपल्यावर आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो तेव्हा नर्स एक स्टीलची वाटी घेऊन आली. वाटीत पाणी होतं आणि पाण्यात कवळी.

"ही त्यांची. नळी घालताना काढून ठेवली होती. घालायची असेल तर आत्ताच सांगा, नंतर तोंड..."

"त्यांची नाही," बाबा म्हणाले. "ही माझी आहे. तिचे दात वेगळे होते." त्यांनी वाटी दोन्ही हातांत घेतली आणि घरी पोचेपर्यंत सोडली नाही. गाडीत पाणी हिंदकळून त्यांचा सदरा भिजला.

तेराव्या महिन्यात कधीतरी मी विचारलं, आईचा आवाज कुठे रेकॉर्ड केलेला आहे का. डेपोत चौकशी केली, जुन्या लोकांना फोन केले. आता तिथे यंत्र बोलतं. यंत्र आईच्या बदलीनंतर दीड वर्षाने आलं, आणि त्यासाठी त्यांनी चांगल्या 'स'वाली बाई शोधून आवाज घेतला होता. आईच्या दातांचे अकरा साचे आहेत. आवाजाचा एकही नाही.

बाबा आता पंचाहत्तरीला आलेत. थोडं काम करतात. हल्ली प्रत्येक कवळीच्या डब्यात ते स्वतःच्या अक्षरात एक चिठ्ठी घालतात: "घरातल्या बाकीच्यांच्या हिरड्या वेळेवर दाखवून घ्या. दात साफ केल्याने हलत नाहीत." डॉक्टरीणबाई हसून म्हणतात, "काका, स्वतःच्या पोटावर पाय देताय." बाबा म्हणतात, "द्यायलाच हवा होता. तेव्हाच."

हे सगळं लिहायला बसले त्याला कारण माझी मुलगी. तेरा वर्षांची आहे. या सुट्टीत आम्ही बाबांकडे गेलो होतो. सकाळी बेसिनमध्ये मला गुलाबी डाग दिसला. मी तिला धरलं, दिव्याखाली नेलं, ओठ वर केला. ती वैतागली. "आई, सोड! एवढं काय? तिथे ब्रश लागला की रक्त येतं, म्हणून मी तिथे लावतच नाही."

बाबा दारात उभे होते. त्यांनी ते ऐकलं. "चल माझ्याबरोबर," ते तिला म्हणाले.

मीही मागोमाग गेले. त्यांनी तिला आईच्या खुर्चीत बसवलं. फळीवर दहा साचे होते. उरलेला एक टेबलावर, त्यांच्या हाताशी, रोज दिसेल असा. मला वाटलं पहिला असेल, तो देखणा. तो चौथा होता.

"इथे बोट लाव," ते म्हणाले. नातीचं बोट धरून त्यांनी खालच्या दातांच्या मागे नेलं, जिथे चाकूच्या खुणा होत्या. "हा थर मी साच्यावरून काढला. तोंडातून काढायचा होता. रक्त येतं ते तू घासतेस म्हणून नाही, तिथे घासलं जात नाही म्हणून. हलक्या हाताने, पण तिथेच घासायचं. आणि उद्या आपण डॉक्टरकडे जायचं."

तिने साचा फिरवून बघितला. मागची तारीख वाचली. "हे आजीचे? मग आजीला का नाही सांगितलंत आजोबा?"

"तीच सांगायला आली होती मला," बाबा म्हणाले. "शनिवारची वेळ घेऊन."

बाबांनी साचा तिच्या हातून घेतला, जागेवर ठेवला, आणि अर्धवट राहिलेली कोणाची तरी कवळी उचलून मोटर सुरू केली. भिंतीपलीकडून यंत्राचा आवाज आला. त्यांनी मोटर बंद केली. कवळी वर धरून, मान किंचित तिरकी करून ते पूर्ण वाक्य ऐकत उभे राहिले. सहा नंबरवरून गाडी सुटली. मग त्यांनी मोटर पुन्हा सुरू केली.